दहा घरांची मंडळी आणि गावाचा कारभार

जालना, छत्रपती संभाजीनगर अशी दोन-चार शहरं सोडली तर मराठवाड्यातली ख्रिस्ती मंडळी, म्हणजे एका चर्चचा समुदाय, बहुतेक गावांत मूठभर घरांची. २०११ च्या जनगणनेत साऱ्या महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक एक टक्क्याहूनही कमी भरले. एवढ्या मतांवर कुणाला निवडून आणता येत नाही की पाडता येत नाही. म्हणून रविवारी ‘काळ फार बिघडला’ म्हणायचं, प्रार्थना करायची आणि सोमवारी आपापल्या कामाला लागायचं, अशी सवय पडून जाते. पण संख्या नसलेल्या मंडळीलाही गावाच्या कारभारात करण्यासारखं पुष्कळ आहे. त्याचा क्रम पवित्र शास्त्रात दिलेला आहे आणि त्याला लागणारे कायदे आधीच हाताशी आहेत.

नैतिक ऱ्हासाचा विषय निघाला की मोबाईल, सिनेमा आणि पोरांचे कपडे यांवरच जास्त बोललं जातं. गावातलं पाप याहून ठोस असतं. घरकुलाचा हप्ता सोडायला मागितलेले पैसे, मतदानाच्या आदल्या रात्री वाटलेली पाकिटं, गोदावरीच्या पात्रातून अंधारात उपसलेली वाळू, पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचं घाईत उरकलेलं लग्न, कुणाच्या तरी शेतात लागलेली हातभट्टी. यातल्या प्रत्येक गोष्टीत देणारा कोण, घेणारा कोण, रक्कम किती आणि नुकसान कुणाचं, हे सांगता येतं. जे नेमकं सांगता येतं तेच थांबवायचा प्रयत्न करता येतो.

नहेम्याचा पाचवा अध्याय

सार्वजनिक कामाचा विषय निघाला की ‘तुम्ही पृथ्वीचे मीठ आहात’ हे वचन हमखास वाचलं जातं. वचन खरंच आहे, पण सोमवारी सकाळी नेमकं काय करायचं ते त्यातून कळत नाही. ते कळायला जुन्या करारातल्या नहेम्याच्या, म्हणजे यरुशलेमेच्या यहूदी सुभेदाराच्या, पुस्तकाचा पाचवा अध्याय सावकाश वाचावा.

यरुशलेमेच्या तटाचं काम चालू होतं आणि लोकांनी, त्यांच्या बायकांनी मोठी ओरड केली. दुष्काळ पडला होता. धान्यासाठी शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण पडली होती. राजाचा कर भरायला कर्ज काढावं लागलं होतं. पोटच्या मुलामुलींना दास्यात द्यायची वेळ आली होती. आणि सावकार कुणी परके नव्हते, आपलेच भाऊबंद होते. उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेऊन ऊसतोडीला जाणारं कुटुंब, हंगाम संपला तरी न फिटलेलं मुकादमाचं (मजूर नेणाऱ्या ठेकेदाराचं) देणं आणि त्यापायी बांधला गेलेला पुढचा हंगाम ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना हा अध्याय बीड जिल्ह्यातच लिहिला गेला असं वाटेल.

नहेम्याने काय केलं ते क्रमाने बघा. त्याने ओरड पुरती ऐकली. त्याला फार राग आला, पण रागाच्या भरात तो उठला नाही. मनाशी विचार केला. मग सरदारांना आणि अधिकाऱ्यांना तोंडावर सांगितलं की तुम्ही भावांकडून व्याज घेता. त्यानंतर मोठी सभा भरवली, म्हणजे बंद खोलीतली तडजोड केली नाही. त्या सभेत आपण, आपले भाऊ आणि आपले चाकरही लोकांना पैसा आणि धान्य कर्जाऊ देत आलो आहोत, हे त्याने उघड सांगितलं. मागणी मोघम ठेवली नाही: शेतं, मळे, जैतुनाची बनं, घरं आजच परत करा आणि व्याजही सोडा. ते ‘देतो’ म्हणाले, तेव्हा नुसत्या शब्दावर न राहता याजकांना बोलावून शपथ घ्यायला लावली. शेवटी चौदाव्या वचनात कळतं की सुभेदार म्हणून मिळणारा भत्ता त्याने बारा वर्षं घेतला नव्हता. सभेत त्याचं ऐकलं गेलं, त्यामागे हीही गोष्ट होती.

आपल्या मंडळ्या बहुधा यातल्या दोन पायऱ्या गाळतात: स्वतःचा हिशोब आणि नेमकी मागणी. मग उरतो नुसता राग.

‘अधिकाऱ्यांच्या अधीन असा’ हे रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायातलं वचन पुढे करून कुणी म्हणतं की प्रश्न विचारणं ख्रिस्ती माणसाला शोभत नाही. आपल्या देशात सर्वांत वरचा अधिकार संविधानाचा आहे, आणि हिशोब विचारायचा हक्क त्याच व्यवस्थेने कायदा करून दिला आहे. तो वापरणं म्हणजे अवज्ञा नव्हे. पौलाने स्वतः रोमी नागरिकत्वाचा हक्क सांगितला आणि कैसराकडे दाद मागितली (प्रेषितांची कृत्ये २५). पंडिता रमाबाईंनी १८९७ मध्ये पुण्यातल्या सरकारी प्लेग इस्पितळात बायकांचे काय हाल होतात ते जाहीरपणे लिहिलं. तेव्हाचे राज्यकर्ते त्यांच्याच धर्माचे होते, तरी त्या गप्प बसल्या नाहीत.

पहिला हिशोब मंडळीचा

ग्रामपंचायतीचं दप्तर मागण्याआधी मंडळीचं दप्तर उघडावं. चर्चच्या मिळकती बहुधा एखाद्या नोंदणीकृत न्यासाकडे असतात आणि त्यांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो. सभासदांनी तीन गोष्टी विचाराव्यात. विश्वस्त बदलले असतील तर बदल अर्ज ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात गेला का? ३१ मार्चअखेरचे हिशोब लेखापरीक्षकाने तपासले का? आणि जमीन किंवा इमारत विकली, गहाण टाकली वा दीर्घ मुदतीच्या भाड्याने दिली असेल, तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी होती का?

बिघाड ठरलेला असतो. जुने विश्वस्त वारतात, नवे कागदावर येत नाहीत, दोन गट पडतात, प्रत्येक गट आपला बदल अर्ज भरतो आणि खटला वर्षानुवर्षं चालतो. तेवढ्या काळात मिशनच्या मोक्याच्या जमिनीवर कुणाचा तरी डोळा पडतो. यावर उपाय साधा आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आराधनेनंतर जमा-खर्च वाचून दाखवायचा आणि त्याची प्रत दारावर लावायची. दानपेटी एकट्याने उघडायची नाही. दोघांनी मोजायची, तिसऱ्याने सही करायची.

याहून अवघड विषय जातीच्या दाखल्याचा आहे, पण तो टाळून पुढे जाता येत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांनाही मिळतो. ख्रिस्ती झालेल्यांना मिळत नाही. धर्म बदलला तरी गावाची वागणूक बदलत नाही, म्हणून हा नियम अन्यायाचा आहे असं मानणारे पुष्कळ आहेत आणि तो बदलावा अशी मागणी उघडपणे, सनदशीर मार्गाने करणं योग्यच आहे. परंतु कागदावर एक धर्म आणि आराधनेत दुसरा, असं दुहेरी जगणाऱ्या माणसाला गावात कुणीही एका वाक्यात गप्प करू शकतं. सर्वोच्च न्यायालयानेही नोव्हेंबर २०२४ च्या निकालात अशा दुहेरीपणाला संविधानाशी केलेली फसवणूक म्हटलं आहे. गरिबीमुळे अडकलेल्या कुटुंबांना पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, हे दटावून सांगू नये. घरी बसून, मुलांच्या शिक्षणाच्या दुसऱ्या वाटा शोधत सांगावं.

ग्रामसभेत

वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा ठरलेल्या असतात. सूचना सात दिवस आधी लागते. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती. गणपूर्ती नसेल तर सभा तहकूब होते, आणि तहकूब होऊन पुन्हा भरणाऱ्या सभेला गणपूर्तीची अट नसते. खरी गोम इथे आहे. पहिल्या सभेला लोक येत नाहीत आणि दुसरी सभा आठ-दहा माणसांत उरकून ठराव लिहिले जातात. म्हणून तहकूब सभेची तारीख विचारून ठेवावी आणि तिला नक्की जावं. दहा घरांतली वीस माणसं अशा सभेत कमी नसतात.

सभेच्या आदल्या आठवड्यात आपला विषय लेखी द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. विषय एकच असावा आणि नेमका असावा. ‘गावात भ्रष्टाचार आहे’ यावर ठराव होत नाही. ‘मागच्या वर्षी वित्त आयोगाच्या निधीतून अमुक वस्तीत नालीसाठी किती खर्च झाला, मोजमाप पुस्तिका वाचून दाखवावी’ यावर होतो. पंचायतीचा आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर बघायला मिळतो. मंडळीतल्या एखाद्या कॉलेजच्या पोराला तो काढून वाचायला बसवावं. कागदावर बांधलेली नाली वस्तीत नसेल, तर ते सांगायला वक्तृत्व लागत नाही.

ग्रामसभेआधी महिला सभा घेणं बंधनकारक आहे. पुष्कळ ठिकाणी ती फक्त सह्यांपुरती होते. मंडळीतल्या महिला मंडळाने शेजारच्या बचत गटातल्या बायकांना सोबत घेऊन जावं. एकट्या ख्रिस्ती बायका गेल्या तर मागणी ‘त्यांची’ ठरते. सगळ्या आळीच्या बायका गेल्या तर ती गावाची होते. हेच सूत्र सगळीकडे लागू आहे. यिर्मयाने बाबेलात बंदिवान झालेल्यांना लिहिलं की ज्या नगरात तुम्हांला नेलं आहे त्या नगराचं हित पाहा (यिर्मया २९:७). तिथे तेही मूठभरच होते, आणि त्यांना फक्त आपल्या वस्तीचं हित पाहायला सांगितलेलं नव्हतं.

सभा संपली की कार्यवृत्तात आपला विषय कसा लिहिला आहे ते वाचावं. तोंडी झालेलं आणि वहीत लिहिलेलं यांत फरक पडतो, आणि पुढे वहीच बोलते.

दप्तर आणि लाच

तोंडी उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकार. ‘जोडपत्र अ’ मधला अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि तोही १५० शब्दांत. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला शुल्क नाही. उत्तर ३० दिवसांत यावं लागतं. आलं नाही किंवा अपुरं आलं तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प लावून. त्यानंतर ९० दिवसांच्या आत माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे दुसरं अपील.

अर्ज फसतात ते बहुधा ‘का’ विचारल्यामुळे. ‘रस्ता का खराब आहे?’ याचं उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही. ‘रस्त्याच्या कामाचं अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिका आणि अदा केलेल्या देयकांच्या प्रती द्याव्यात’ असं लिहावं. प्रती पानाला दोन रुपयांनी मिळतात. आणि अर्ज एकाच माणसाच्या नावाने सारखा देऊ नये. त्याच्यावर दबाव येतो, शिवाय त्याला ‘धंदेवाईक अर्जदार’ ठरवणं सोपं जातं.

लाच मागितली तर दोन वेगळ्या वाटा आहेत. काम सेवा हक्काखालचं असेल, जसं की रहिवासी दाखला, उत्पन्न दाखला किंवा जन्मनोंद, तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात त्याची मुदत ठरलेली आहे. ‘आपले सरकार’ पोर्टलवर अर्ज करून पावती घेतली की मुदत मोजता येते आणि ती उलटली की अपील करता येतं. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. रोजची निम्मी लाच याच छोट्या दाखल्यांसाठी जात असेल. तिथे पावती घेण्याची सवय हाच मोठा उपाय आहे.

मागणी मोठी आणि उघड असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, टोल फ्री क्रमांक १०६४. बीड, जालना, धाराशिव आणि छत्रपती संभाजीनगर हे जिल्हे एका परिक्षेत्रात येतात. नांदेड, परभणी, हिंगोली आणि लातूर नांदेड परिक्षेत्रात. तक्रार लेखी होते, मग पंचांसमक्ष मागणीची पडताळणी होते आणि त्यानंतरच सापळा लागतो. पडताळणी होईपर्यंत घरातल्या घरातही वाच्यता करू नये. बातमी फुटली की समोरचा सावध होतो. एक गोष्ट पाळकांनी मंडळीत स्पष्ट सांगितलीच पाहिजे: २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणारासुद्धा गुन्हेगार आहे. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा विभागाला कळवलं तरच तो सुटतो.

मंडळीतले जे लोक स्वतः तहसीलमध्ये, पंचायत समितीत किंवा पोलिसांत नोकरीला आहेत, त्यांच्यासाठी लूकच्या तिसऱ्या अध्यायातली बारा ते चौदा वचनं आहेत. जकातदार आणि शिपाई बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे आले तेव्हा त्याने नोकरी सोडा असं सांगितलं नाही. ठरवून दिल्यापेक्षा जास्त घेऊ नका, जुलूम करू नका, खोटा आळ घालू नका, पगारात तृप्त राहा, एवढं सांगितलं. अशा माणसाला टेबलाच्या त्या बाजूला एकटं पडल्यासारखं होतं. त्याची बदली होते, त्याला बाजूला टाकलं जातं. मंडळीने त्याच्यासाठी प्रार्थना करावीच, शिवाय त्याच्या घरच्यांना ‘तुमचे साहेब काहीच कमवत नाहीत’ असे टोमणे निदान आपल्या तोंडून तरी ऐकवू नयेत.

दारू आणि मुलींची लग्नं

परवान्याच्या दुकानासाठी मतदानाचा मार्ग आहे. २००८ च्या शासन आदेशाप्रमाणे गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली, की सह्यांची पडताळणी होऊन गुप्त मतदान घेतलं जातं. ‘आडव्या बाटली’ला निम्म्याहून जास्त मतं पडली तर दुकान बंद होतं. हे निम्मं एकूण महिला मतदारांचं धरतात, त्या दिवशी आलेल्यांचं नव्हे. एक हजार महिला मतदार असतील तर ५०१ मतं लागतात. म्हणून मतदान शेतीच्या ऐन हंगामात किंवा ऊसतोडीच्या काळात आलं तर गाव जिंकलेली लढाई हरतं. आधी मतदार यादी घेऊन घरोघरी जावं, मयत आणि कायमच्या बाहेरगावी गेलेल्यांची नावं वेळेत कमी करून घ्यावीत. हातभट्टीसाठी मतदानाची गरज नाही. तो गुन्हाच आहे. राज्य उत्पादन शुल्क विभाग किंवा पोलीस, ११२.

बालविवाहाचं मूळ इथल्या अर्थकारणात आहे. ऊसतोडीत उचल जोडप्याला मिळते, त्यालाच ‘कोयता’ म्हणतात. लग्न झालं की एक कोयता वाढतो. शिवाय आईबाप सहा महिने बाहेर असताना वयात आलेली मुलगी कुणाच्या भरवशावर ठेवायची, ही भीती खरी असते. नुसतं ‘पाप आहे’ म्हटल्याने ही भीती जात नाही. हंगामी वसतिगृहात जागा मिळवून देणं किंवा मंडळीतल्या विश्वासू घराने मुलीला ठेवून घेणं, याने जाते.

पाळकांनी आपल्यापुरतं कडक राहावं. मुलगी १८ आणि मुलगा २१ पूर्ण असल्याशिवाय लग्नाची सूचना मंडळीत वाचू नये. पुरावा म्हणून जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला बघावा; आधार कार्डावरची तारीख पुरेशी धरू नये, कारण ती बदलून घेतलेली असू शकते. २००६ च्या कायद्यानुसार बालविवाह लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. यात पाळकही येतात. गावात असं लग्न ठरल्याचं कळलं तर मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनवर कळवावं. ग्रामीण भागात ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, त्यालाही लेखी द्यावं.

निवडणूक आणि उपदेशपीठ

निवडणूक आली की उमेदवार चर्चमध्ये येतात, शाल घेतात, सभागृह बांधून देण्याचा शब्द देतात. इथे मंडळीने घट्ट राहावं. धार्मिक संस्था (गैरवापर प्रतिबंध) अधिनियम, १९८८ नुसार धर्मस्थळाची जागा राजकीय प्रचाराला वापरू देणं गुन्हा आहे; पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. धर्माच्या नावाने मत मागणं हा निवडणूक कायद्यात भ्रष्ट आचार आहे, आणि २ जानेवारी २०१७ ला सात न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध तीन मतांनी त्याचा अर्थ आणखी व्यापक केला: उमेदवाराचा, विरोधकाचा किंवा मतदाराचा, कुणाचाही धर्म पुढे करून मत मागता येत नाही. ‘आपला ख्रिस्ती माणूस आहे, त्यालाच द्या’ हेसुद्धा त्यात आलं.

कायदा नसता तरी हे टाळायला हवं होतं. पाळकाने एका पक्षाला आशीर्वाद दिला की त्याने उद्या सत्तेला सुनावलेला शब्द विरोधी पक्षाचा शब्द ठरतो. शाऊलाला राजा नेमल्यावर शमुवेल सगळ्या इस्राएलसमोर उभा राहून विचारू शकला की मी कुणाचा बैल घेतला, कुणाच्या हातून लाच घेतली (१ शमुवेल १२:३). सभागृहाचं आश्वासन घेतलेल्या माणसाला हा प्रश्न विचारता येत नाही.

पाळकांना करता येतं ते एवढं: प्रत्येकाचं नाव यादीत आहे ना ते बघायला लावणं, मतासाठी लाच घेणारा आणि देणारा दोघेही गुन्हेगार आहेत हे सांगणं, आणि सगळ्या उमेदवारांसाठी नावं न घेता प्रार्थना करणं. सभासदांनी नागरिक म्हणून कुठल्याही पक्षात काम करावं, निवडणूक लढवावी. फक्त मंडळीचं नाव, लेटरहेड आणि लाउडस्पीकर त्यात आणू नये.

हीच काळजी सेवेच्या कामातही घ्यावी. पाण्याचा टँकर, शिकवणी, दवाखान्याची सोबत, काहीही करताना त्याला आराधनेला येण्याची अट जोडू नये, आडून सूचनाही करू नये. लाभार्थ्यांची यादी सरपंचाला आणि अंगणवाडी सेविकेला दाखवून ठेवावी. संशयाच्या काळात ती यादीच मंडळीच्या बाजूने उभी राहते.

दसऱ्याच्या आधी

ज्या गावांतून ऊसतोडीला लोक जातात तिथे वर्षाचं नियोजन वेगळं करावं लागतं. २ ऑक्टोबरची ग्रामसभा ही त्यांच्यासाठी वर्षातली शेवटची. २६ जानेवारीला ते कारखान्याच्या तळावर असतात. घरकुल, वसतिगृह, रोजगार हमी यांचे त्यांचे विषय ऑक्टोबरमध्येच ठरावात घालून घ्यावेत. रेशन कार्डात प्रत्येकाची आधार जोडणी झालेली असली तर धान्य तळाजवळच्या दुकानातूनही उचलता येतं. ते जाण्याआधी तपासावं. मुलांची नावं हंगामी वसतिगृहासाठी शाळेत मुख्याध्यापकांकडे द्यावीत.

आणि उचलीची नोंद. रक्कम, तारीख, कुणासमक्ष दिली, आणि नंतर उसाच्या टनावर किती वळती झाली, हे दोन वह्यांत लिहावं. एक मुकादमाकडे, एक कुटुंबाकडे, प्रत्येक नोंदीला दोघांच्या सह्या किंवा अंगठे. मुकादम मंडळीतला असेल तर त्याने ही वही स्वतःहून सुरू करावी. शेतं कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी जाते, असं याकोबाने आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात लिहिलं आहे, आणि ते त्याने अशाच माणसांना उद्देशून लिहिलं आहे. दुसरी वही कुटुंबातल्या बाईच्या ताब्यात द्यावी. हंगामाच्या शेवटी बहुधा तिलाच विचारलं जातं की अजून किती फिटायचं राहिलं.